नव्या लॅपटॉपवर क्वेक ३ : चित्र ताणलेलं, खोल्या अंधाऱ्या आणि उडी चार बोटं कमी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सांगलीत वालचंद कॉलेजच्या हॉस्टेलवर क्वेक ३ अरीना हा १९९९ चा गोळीबाराचा गेम खेळायचात. परवा माळ्यावर जुनी सीडी सापडली. घरी १६५ हर्ट्झ (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणाऱ्या) स्क्रीनचा नवा गेमिंग लॅपटॉप आहे. सीडीवरनं गेम टाकला तर सुरू होतानाच पडतो. मग मुलानं आयओक्वेक३ (त्याच गेमचा नव्यानं बांधलेला प्रोग्रॅम) उतरवून दिलं, त्यावर गेम उघडला. पण चित्र आडवं ताणलेलं, सगळीकडे काळोख, केलेली सेटिंग दर वेळी पुसली जातात, आणि डीएम-१३ या नकाशावर मेगाहेल्थकडे (तब्येत वाढवणाऱ्या वस्तूकडे) जाणारी जी उडी तेव्हा डोळे मिटून बसायची, ती आता बसतच नाही. "माझं वय झालं की लॅपटॉप खराब?" असं विचारलंत.

दोन्ही नाही. लॅपटॉप गरजेपेक्षा जास्त वेगानं फ्रेम (पडद्यावरचं एकेक चित्र) काढतोय, म्हणून उडी चुकते. हे ऐकून हसू येईल, पण खाली हिशोब मांडून दाखवतो.

आधी माझ्याबद्दल एवढंच, की २००१ पासून सात-आठ वर्षं विश्रामबागेत माझा नेट कॅफे होता. दहा मशिनी, सतरा इंची डबडे मॉनिटर, आणि रात्री नऊनंतर तुमच्यासारखीच हॉस्टेलची पोरं. आता त्याच गाळ्यात लॅपटॉप दुरुस्ती आणि असेंब्ली करतो. जुने गेम चालवून द्या म्हणून महिन्याला दोन-तीन जण तरी येतात. बहुतेक चाळिशीतले, "पोराला दाखवायचंय" असं सांगत येतात.

एक सूचना. कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजीच हवेत, आणि शब्दांमध्ये आडवी रेघ दिसेल तिथे अंडरस्कोअर. कन्सोल (गेममधली कमांड लिहायची खिडकी) उघडायला एस्केपच्या खालची, एकच्या डावीकडची की दाबा.

सीडीवरचा मूळ गेम का पडतो ते पटकन सांगतो, कारण त्याच्यामागे लागायचंच नाहीये. सुरू होताना गेम ग्राफिक्स ड्रायव्हरला विचारतो, "ओपनजीएलच्या तुझ्याकडे कोणकोणत्या जादा सोयी आहेत?" (ओपनजीएल म्हणजे गेम आणि कार्ड यांच्यातली चित्रं काढायची बोली.) १९९९ सालच्या कार्डाचं उत्तर दोन-चार ओळींत संपायचं. आजचं कार्ड शेकडो नावांची यादी हातात देतं. जुन्या प्रोग्रॅमनं त्या यादीसाठी मोजकीच जागा राखलेली असते. पोत्यात मावेना तेव्हा शिवण उसवते, आणि गेम पडतो. कंपॅटिबिलिटीत जाऊन विंडोज ९८ निवडा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, असले सल्ले मिळतील. वेळ घालवू नका.

मुलानं केलं तेच बरोबर. क्वेक ३ चा सोर्स कोड आयडी सॉफ्टवेअरनं ऑगस्ट २००५ मध्ये जीपीएल परवान्याखाली खुला केला. मला महिना पक्का लक्षात राहण्याचं कारण वेगळं आहे. त्याच सुमाराला कृष्णेला पूर आला होता, अर्धी सांगली पाण्यात होती, कॅफे बंद, आणि मी मशिनी वरच्या मजल्यावर नेऊन झाकून ठेवल्या होत्या. गेमची बातमी मला पाणी ओसरल्यावर कळली. तर त्या कोडवरून लोकांनी आयओक्वेक३ बांधलं, ते आजच्या विंडोजवर नीट चालतं. त्याचाच एक भाऊबंद क्वेक३ई. मी ग्राहकांना हल्ली तोच जास्त टाकून देतो, कारण पुढे येईल.

मात्र खुला झाला तो कोड. नकाशे, पोत (भिंती-जमिनींवरची चित्रं), आवाज, माणसं हे सगळं अजून विकतचंच आहे, आणि ते सीडीवरच्या बेसक्यू३ फोल्डरमधल्या पॅक०.पीके३ या एका फाइलीत बसतं. साधारण ४५७ एमबीची फाइल आहे. सेटअप चालवायची गरजच नाही. ही फाइल उचलायची आणि नव्या फोल्डरच्या बेसक्यू३ मध्ये टाकायची. जोडीला १.३२ च्या पॅचच्या पॅक१ ते पॅक८ अशा लहान फाइली लागतात. त्या नसल्या की गेम सुरू होतानाच तक्रार करतो. सीडी चरे पडलेली असेल किंवा, खरं बोलायचं तर, स्टेशन रोडवरनं पन्नास रुपयांत घेतलेली असेल, तर स्टीमवर किंवा जीओजीवर हा गेम आजही मिळतो. तिथून घ्या आणि त्यातली पॅक० वापरा.

गेमचं फोल्डर प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवू नका. डी ड्राइव्हवर साधं 'गेम्स' नावाचं फोल्डर करा.

आता सेटिंग पुसली जाण्याचं. यात मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गेम आपली सेटिंग क्यू३कॉन्फिग.सीएफजी या फाइलीत ठेवतो आणि ती स्वतःच पुन्हा लिहून काढतो. गेम चालू ठेवून तुम्ही तिच्यात काही बदललंत तर बाहेर पडताना तो स्वतःजवळची जुनी नोंद वर लिहितो. तुमचं गेलं. म्हणून आपली सेटिंग ऑटोएक्झेक.सीएफजी अशी वेगळी फाइल करून तिच्यात लिहायची. गेम ती फक्त वाचतो, हात लावत नाही.

तेही मी केलं होतं. तरी काही फरक पडेना. चार वेळा फाइल तपासली, शुद्धलेखन तपासलं, जागा तपासली. शेवटी एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू मधून फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक केली, तेव्हा दिसलं: ऑटोएक्झेक.सीएफजी.टीएक्सटी. नोटपॅडनं मागे गुपचूप शेपटी लावली होती आणि विंडोज ती लपवत होतं. सेव्ह करताना खाली 'ऑल फाइल्स' निवडा, की झालं. आणि आयओक्वेक३ ही फाइल शोधतं ती तुमच्या अ‍ॅपडेटा, रोमिंग, क्वेक३ मधल्या बेसक्यू३ मध्ये. ते फोल्डर लपवलेलं असतं. रन मध्ये टक्क्याच्या चिन्हांमध्ये अ‍ॅपडेटा लिहून एंटर मारलं की समोर येतं.

त्या फाइलीत पहिल्यांदा चित्राचं बघू. आर_मोड उणे १, मग आर_कस्टमविड्थ १९२० आणि आर_कस्टमहाइट १०८०, किंवा तुमच्या स्क्रीनचे जे आकडे असतील ते. मेन्यूतली यादी आपल्या वेळच्या ६४०, ८००, १०२४ अशा चौकोनी मॉनिटरांची आहे, तिच्यात हे मिळणार नाही. उणे १ म्हणजे 'यादी सोड, मी सांगतो ते घे'. फाइलीत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला सेटा लिहा. आर_ नं सुरू होणाऱ्या बऱ्याच गोष्टी कन्सोलमधून बदलल्यात तर व्हिड_रीस्टार्ट दिल्याशिवाय लागू होत नाहीत.

एवढ्यानं चित्र भरतं, पण नजर कोंडल्यासारखी वाटते. गेमची मूळ नजर ९० अंशांची, ती चारास तीन स्क्रीनसाठी. तीच ९० अंश सोळास नऊ स्क्रीनवर पसरली तर वरखालचा भाग कापला जातो. उंची तेवढीच ठेवून बाजूला जास्त दिसायला हवं असेल तर हिशोबानं १०६ येतात. म्हणून सीजी_एफओव्ही १०६. काही जण १२० करतात, मला त्यात कडा ताणल्यासारख्या दिसतात. खालचे आकडे आणि चेहरा थोडे जाडे दिसतील, ते मूळ गेमच्या कोडमध्येच चारास तीन धरून काढलेत. सवय होते.

चित्र स्क्रीनच्या एका कोपऱ्यात किंवा अर्धवट बाहेर येत असेल तर विंडोजचं स्केलिंग १२५ किंवा १५० टक्क्यांवर आहे. लॅपटॉप तसाच घरी येतो. गेमच्या फाइलीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज, आणि खाली स्केलिंग 'अ‍ॅप्लिकेशन'कडे द्या.

अंधाराची गंमत अशी आहे. क्वेक ३ मुद्दाम सगळं अर्ध्या उजेडात रंगवतो, आणि मग विंडोजला सांगतो, "आता पूर्ण स्क्रीनचा उजेड दुप्पट कर." त्यामुळे रॉकेटचा स्फोट, दिवे हे खरोखर चमकल्यासारखे दिसायचे. त्या काळी विंडोज निमूट ऐकायचं. आजचं विंडोज, आजचे ड्रायव्हर, कधी एचडीआर (स्क्रीनची जादा उजेडाची सेटिंग), यांतलं कुणीतरी ती विनंती मधल्या मध्ये दाबतं. गेमला वाटतं काम झालं, आणि तुम्ही अर्ध्या उजेडातच फिरत राहता. लोक मग मॉनिटरचा ब्राइटनेस वाढवतात, त्यानं काळं राखाडी होतं, उजेड काही वाढत नाही.

एचडीआर चालू असेल तर आधी बंद करा. तरी फरक नसेल तर आर_इग्नोरएचडब्ल्यूगॅमा १ करा. मग गेम विंडोजच्या भरवशावर न राहता स्वतःच पोत उजळून घेतो. वर आर_गॅमा १.३ च्या आसपास ठेवा, आणि व्हिड_रीस्टार्ट. चालण्याजोगं दिसतं, जरा फिकट मात्र. क्वेक३ई मध्ये आर_एफबीओ १ केलं की उजेडाचा हिशोब ग्राफिक्स कार्डच शेवटच्या चित्रावर करतं, आणि रंग जवळजवळ कॅफेतल्या मॉनिटरसारखे येतात. मी क्वेक३ई कडे झुकलो तो याच्यासाठी.

माऊसबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण एवढं करून टाका: विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद. आणि जुनी सेन्सिटिव्हिटी जशीच्या तशी उतरवू नका. तेव्हाचा गोळीचा माऊस आणि आजचा सोळाशे डीपीआयचा, एकाच आकड्यावर दुसरा तुम्हाला गरागरा फिरवेल. पाचच्या जागी दोनापासून सुरू करा.

आता उडी.

क्वेक ३ वेळ मोजतो तो पूर्ण मिलिसेकंदांत. साडेसहा मिलिसेकंद असं काही त्याला माहीत नाही. तुम्ही कॉम_मॅक्सएफपीएस (सेकंदाला जास्तीत जास्त किती फ्रेम) १६५ ठेवलंय ना? गेम हजाराला १६५ नं भागतो, ६.०६ येतं, अपूर्णांक टाकून देतो. म्हणजे प्रत्येक फ्रेम ६ मिलिसेकंदांची. आणि प्रत्येक फ्रेमच्या शेवटी तो तुमचा वेगही जवळच्या पूर्णांकावर आणून ठेवतो. खोड आहे ती इथे.

उडी मारताच वर जायचा वेग सेकंदाला २७० युनिट (गेमचं स्वतःचं अंतराचं माप) मिळतो. गुरुत्व ८०० चं. ६ मिलिसेकंदांत वेग किती घटायला हवा? ८०० गुणिले ०.००६, म्हणजे ४.८. उरतात २६५.२. गेम ते २६५ करतो. म्हणजे प्रत्यक्षात प्रत्येक फ्रेमला ४.८ ऐवजी ५ कापले. हे दर फ्रेमला होत राहतं, आणि तुमच्यासाठी गुरुत्व ८०० चं ८३३ होऊन बसतं. उडीची उंची येते सुमारे ४४ युनिट.

आता १२५ घ्या. हजार भागिले १२५, बरोबर ८, शिल्लक काही नाही. ८ मिलिसेकंदांत घट हवी ६.४. २७० वजा ६.४ म्हणजे २६३.६, गेम करतो २६४. कापले फक्त ६. गुरुत्व जणू ७५० झालं. उंची सुमारे ४८ पूर्णांक ६ दशांश. आणि ८५ ला, जो गेमचा मूळ आकडा आहे, फ्रेम ११ मिलिसेकंदांची, घट ८.८ ची ९, उंची साडेचव्वेचाळीस. म्हणजे तुमच्या १६५ वाल्या लॅपटॉपवर उडी ८५ पेक्षाही जराशी खालीच जाते!

हॉस्टेलवर कुणीतरी तुमच्या मशिनीवर १२५ करून ठेवलं असणार. तेव्हा कारण कुणाला ठाऊक नसायचं. "एकशेपंचवीस टाक, उडी लांब जाते" एवढीच कानगोष्ट चालायची. माझ्या कॅफेत तर पाच नंबरच्या मशिनीसाठी भांडणं व्हायची. पोरं म्हणायची तिच्यावर उड्या बसतात. मी त्यांना येड्यात काढायचो. पुढे कोड खुला झाल्यावर हे गणित वाचलं तेव्हा कळलं, पाच नंबरला कुणीतरी १२५ करून गेला होता आणि बाकी नऊ ८५ वरच होत्या. पोरांचं बरोबर होतं, राव.

गेल्या महिन्यात एका ग्राहकाच्या लॅपटॉपवर हे समोर करून दाखवलं. तोही १६५ चाच. डीएम-१३, मेगाहेल्थ समोर, तो नऊ वेळा उडाला, नऊ वेळा काठाला घासून खाली. कन्सोल उघडला, कॉम_मॅक्सएफपीएस १२५, एंटर, कन्सोल बंद. दहाव्या उडीला टिंग करून आवाज आला आणि तब्येत दोनशेच्या दिशेनं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं जसं मी खिशातनं कबुतर काढलंय.

जास्त फ्रेम म्हणजे जास्त चांगलं, या हिशोबानं कुणी १००० ठेवतं. तिथे फ्रेम १ मिलिसेकंदाची, घट ०.८ ची १. गुरुत्व सरळ १०००, उडी साडेछत्तीसवर येते. खांद्यावर सिमेंटचं पोतं घेऊन उडाल्यासारखं. २५० ला पुन्हा १२५ सारखंच, कारण ३.२ चे ३. आणि ३३३ ला सगळ्यात उंच, २.४ चे २ होतात. तुमच्या मशिनीला ३३३ काही अवघड नाही, पण ते ठेवून खेळणाऱ्याला आमच्याकडे लबाड म्हणायचे. १२५ ठेवा.

१६५ हर्ट्झच्या पडद्यावर १२५ फ्रेम म्हणजे चित्र थोडं फाटल्यासारखं दिसू शकतं. लॅपटॉपला जी-सिंक किंवा फ्रीसिंक असेल तर चालू करा, पडदा स्वतः १२५ शी जुळवून घेतो. नसेल तरी आर_स्वॅपइंटरव्हल (म्हणजेच व्हीसिंक, फ्रेम पडद्याच्या गतीला बांधणं) शून्यच ठेवा. व्हीसिंक चालू केलात तर फ्रेमची गती पडदा ठरवेल आणि वरचं सगळं गणित पाण्यात. शिवाय माऊस अर्धा क्षण मागे राहतो.

मुलाला आणि त्याच्या मित्रांना घेऊन वायफायवर खेळणार असाल तर प्रत्येकाच्या मशिनीवर हे बघत बसू नका. जो होस्ट करेल त्यानं पीमूव्ह_फिक्स्ड १ आणि पीमूव्ह_एमसेक ८ द्यावं. मग कुणाची फ्रेम कितीही असो, उडीचा हिशोब सगळ्यांना आठ मिलिसेकंदांचाच लागतो. खरं तर घरी एकटे खेळतानाही हे चालतं. सर्व्हर दिसत नसेल तर नव्वद टक्के वेळा फायरवॉल असतो: वायफाय 'पब्लिक' म्हणून जोडलेलं असतं, ते 'प्रायव्हेट' करा, आणि यूडीपीचं २७९६० पोर्ट मोकळं असू द्या. सगळ्यांच्या पॅक फाइली एकसारख्या हव्यात, एकाकडे जरी पॅच नसला तरी तो आत येताच बाहेर फेकला जातो. जादा नकाशे टाकल्यावर हंक नावाचा (मेमरी कमी पडल्याचा) काही एरर आला तर कॉम_हंकमेग्स २५६ करून गेम बंद करून परत उघडा.

बाकी गेमांचं एका दमात सांगतो, कारण हा प्रश्न पाठोपाठ येतोच. काउंटर-स्ट्राइक १.६ साठी स्टीमची आवृत्ती घ्या, माऊसच्या पर्यायांत रॉ इनपुट टिक करा, त्याला फार काही लागत नाही. १९९९ च्या अनरिअल टूर्नामेंटला ओल्डअनरिअलचा ४६९ पॅच टाका. आयजीआय आणि त्या काळचे डायरेक्टएक्सवाले गेम अडले तर डीजीव्हूडू२ वापरून बघा; ते जुनं डायरेक्टएक्स आजच्या कार्डाला समजेल असं करून देतं. आणि सेफडिस्क (नक्कल रोखणारं कुलूप) लावलेली मूळ सीडी असेल तर ती विंडोज १० पासून पुढे चालणारच नाही, कारण तिला लागणारा ड्रायव्हरच मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेपायी काढून टाकलाय. तिथे तुमचा दोष नाही, सीडी ड्राइव्ह बदलूनही उपयोग नाही. तो गेम डिजिटल दुकानात मिळतो का बघा.

सगळं केल्यावर सीजी_ड्रॉएफपीएस १ देऊन वर उजव्या कोपऱ्यातला आकडा बघा. १२५ वर स्थिर असेल तर डीएम-१३ वर जा. तिथे ६० किंवा ३० दिसत असेल तर चार्जर लावलाय का ते आधी तपासा. बॅटरीवर असताना गेमिंग लॅपटॉपचं स्वतःचं सॉफ्टवेअर फ्रेम अडवून धरतं, आणि माझ्याकडे 'गेम बिघडला' म्हणून आलेल्यांपैकी दोघांचा चार्जर घरी राहिला होता.